नायिका किती वर्षांची? प्रेमकथेतली वयं ठरवताना

प्रेमकथा लिहायला घेतली की आधी नावं सुचतात, मग पहिली भेट, मग पाऊस. वय मात्र शेवटी कुठेतरी चिकटवलं जातं: ती २२, तो २८. पुढे दहाव्या-बाराव्या भागात कथा अडखळायला लागते, तेव्हा कारण बरेचदा या दोन आकड्यांत सापडतं. प्रेमकथेतला अडथळा वयातून येतो. बाविशीत आईबाबा काय म्हणतील हा प्रश्न असतो, छत्तिशीत शाळेत जाणारी लेक काय म्हणेल हा, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सून काय म्हणेल हा. वय बदललं की प्रश्न बदलतो, म्हणजेच कथा बदलते. म्हणून वय आधी ठरवायचं आणि नाव नंतर. नावसुद्धा वयावरच अवलंबून असतं. १९६५ साली जन्मलेली सुनंदा, सुलभा किंवा मंगल असेल, १९९५ची पूजा किंवा स्नेहल.

वाचकाची अपेक्षा थोडक्यात सांगता येते. ‘प्रेमकथा’ हा शब्द वाचून जो येतो, त्याला दोन गोष्टी हव्या असतात. प्रेम हाच कथेचा कणा हवा आणि शेवट आशेचा हवा. लग्नच झालं पाहिजे असं नाही, पण दोघं एकमेकांच्या बाजूने उभे आहेत हे दिसायला हवं. नायक शेवटी मरणार असेल तर तसं आधीच सुचवा, किंवा कथेला वेगळं नाव द्या. तिसरी अपेक्षा कोणी बोलून दाखवत नाही: ही दोन माणसं एकमेकांना शोभतात, हे वाचकाला मनापासून वाटायला हवं. ‘शोभणं’ यात दिसण्यापेक्षा वय, समज आणि दोघांच्या हातातली ताकद यांचा वाटा मोठा असतो.

एक पान, दोन बायोडेटा

लिहायला बसण्यापूर्वी दोघांचा बायोडेटा तयार करा, लग्नासाठी करतात अगदी तसाच. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पगार, भावंडं, मामाचं गाव, अपेक्षा. राशी-नक्षत्र कथेत लागणार नसेल तर सोडा, पण जन्मतारीख पूर्ण लिहा. नुसतं ‘२८’ लिहिलं तर चुका लपतात, तारीख लिहिली की उघड्या पडतात.

एक नमुना घेऊ. नायिका सांगलीची, जन्म १२ नोव्हेंबर १९९४. जून २०००मध्ये पहिलीत बसली, तेव्हा साडेपाच वर्षांची. दहावी मार्च २०१०, बारावी २०१२, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष २०१५. नोटबंदी जाहीर झाली त्यानंतर चार दिवसांनी तिचा बाविसावा वाढदिवस. लॉकडाऊन लागला तेव्हा पंचविशीत. कथा २०२३च्या उन्हाळ्यात घडते आहे, म्हणजे ती २८ची.

आता हेच पान कथेला सामग्री पुरवायला लागतं. ती कॉलेजात असताना जिओ आलेलं नव्हतं, ते सप्टेंबर २०१६चं. त्यामुळे तिच्या कॉलेजच्या आठवणीत रात्रभर व्हिडिओ कॉल येऊ शकत नाही. तिथे मिस्ड कॉल, जपून वापरलेला नेटपॅक आणि मैत्रिणीच्या फोनवर आलेला निरोप असतो. तिचं पहिलं लग्न ठरलं असेल आणि २०२०च्या एप्रिल-मेची तारीख धरली असेल, तर कार्यालयाचा ॲडव्हान्स अडकला असणार. ठरलेलं लग्न मोडायला याहून खरं कारण शोधत बसावं लागत नाही.

‘कॉलेज’ या शब्दातला खड्डा

मराठीत अकरावी-बारावीलाही कॉलेजच म्हणतात, आणि इथे सगळ्यात जास्त लेखक घसरतात. ‘कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिने त्याला पाहिलं’ हे वाक्य वाचून एकाच्या डोळ्यांसमोर १९ वर्षांची मुलगी येते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर अकरावीतली, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची. पुढच्या भागात जवळीक आली की दुसरा वाचक कथा बंद करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

‘एफ.वाय.ला आहे’ असं लिहिलं तरी प्रश्न सुटत नाही. वरची सांगलीची मुलगी एफ.वाय.ला गेली जून २०१२मध्ये, तेव्हा ती साडेसतरा वर्षांची होती. पहिलं सत्र उलटल्यावर तिला अठरा पूर्ण झाली. म्हणून कॉलेजच्या पार्श्वभूमीची प्रेमकथा एस.वाय.पासून पुढे ठेवावी, किंवा मतदार यादीतलं नाव, शिकाऊ लायसन्सनंतरचं चारचाकीचं पक्कं लायसन्स अशा एखाद्या खुणेने दोघंही सज्ञान आहेत हे पहिल्याच भागात पक्कं करावं. ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनियर’ हे शब्दही तपासून वापरा. टी.वाय.चा सीनियर आणि बारावीची ज्युनिअर एकाच आवारात वावरतात, पण प्रेमकथेत ती जोडी चालणार नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ पूर्ण न झालेली व्यक्ती बालक, आणि बालकाच्या संमतीला शारीरिक संबंधांत अर्थ नाही, मग समोरचा कितीही प्रेमळ असो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-ब इलेक्ट्रॉनिक माध्यमात बालकांचं अश्लील चित्रण करणाऱ्यांवर आहे, आणि त्यात चित्रांबरोबर मजकूरही येतो. कायदा नसता तरीही उत्तर तेच राहिलं असतं. सोळा वर्षांच्या पात्राचं शृंगारिक वर्णन लिहायचं नाही. ‘ती वयाने लहान असली तरी समजूतदार होती’ ही सबब वाचक लगेच ओळखतो.

मग शाळकरी प्रेम लिहायचंच नाही का?

जरूर लिहा, पण ती किशोरांची कथा म्हणून लिहा. दोघांच्या वयात एखाद्या वर्षापेक्षा जास्त अंतर नको. डबा वाटून खाणं, परत आलेल्या वहीच्या शेवटच्या पानावरचं अक्षर, स्नेहसंमेलनाची तालीम, एसटीच्या थांब्यावर मुद्दाम सोडलेली एक गाडी: एवढ्यात या वयाचं सगळं प्रेम मावतं, आणि ते पुरतं. शेवट लग्नाचा नसतो. बारावीचा निकाल, दोन वेगळी शहरं आणि ‘पत्ता लिहून दे’ हा इथला आशेचा शेवट आहे.

सतराव्या वर्षी पळून जाणं मात्र गोड करून दाखवू नका. तसं घडलं की मुलीचे आईवडील पोलीस ठाण्यात जातात, अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, मुलगा १९चा असेल तर पॉक्सोही लागतो. तो प्रसंग घ्यायचाच असेल तर हे सगळं घ्यावं लागेल, आणि मग ती प्रेमकथा राहत नाही.

लग्नाचं वय आणि रजिस्टर लग्नाची घाई

मुलगी १८, मुलगा २१. नायक २०चा आणि नायिका २२ची असेल तर कथेला आपोआप एक वर्षाची वाट पाहावी लागते. हा अडथळा फार कमी लेखक वापरतात, आणि तो फुकट मिळालेला आहे.

‘दुसऱ्या दिवशी दोघांनी रजिस्टर लग्न केलं’ हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, तीही दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस राहत असलेल्या जिल्ह्यात. नोटीस लागल्यावर ३० दिवस आक्षेपांसाठी जातात, आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. त्या ३० दिवसांत नोटीस कोणीतरी वाचतो, फोटो काढून मामाला पाठवतो, आणि तुमचे तीन भाग तयार होतात. घाईच असेल तर दोघं आळंदीला जातात, विधिवत लग्न लावतात आणि मग नोंदणी करतात. तिथेही वयाचा दाखला मागतात, म्हणून पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला हवा.

पंचविशीतला कलेक्टर

श्रीमंत, देखणा, मोठ्या पदावरचा नायक हवा आणि तो २५चाच हवा, या हट्टापायी वाचकाचा विश्वास जातो. हिशेब मांडून पाहा. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे एम.एस. तीन वर्षं, त्यानंतर हृदयशस्त्रक्रियेचं शिक्षण आणखी तीन. अठराव्या वर्षी सुरुवात झाली आणि एकदाही वर्ष वाया गेलं नाही, तरी तो तिशीला टेकतो. म्हणून हार्ट सर्जन नायक ३४चा ठेवा. पंचविशीतला हवा असेल तर तो ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणारा, पी.जी.च्या अभ्यासाची पुस्तकं खोलीत रचून ठेवलेला डॉक्टर असू द्या. खरं सांगायचं तर तोच जास्त जवळचा वाटतो.

कलेक्टरचं तसंच. यू.पी.एस.सी.ला किमान वय २१. निवड झाली तरी आधी प्रशिक्षण, मग सहायक जिल्हाधिकारी म्हणून प्रांत कार्यालय, मग बहुधा जिल्हा परिषदेचं सीईओपद, आणि त्यानंतर जिल्हा. एम.पी.एस.सी. करणाऱ्या नायकाचा हिशेब उलटा आहे. खुल्या गटात ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ ही वयोमर्यादा असल्यामुळे तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ३१व्या वर्षीही बसलेला असू शकतो, आणि गावाकडे त्याच्याबरोबरीच्यांची पोरं पहिलीत गेलेली असतात. ‘अजून एक अटेम्प्ट’ हे तीन शब्द त्याच्या प्रेमात कायम मध्ये उभे राहतात. अशी कथा लिहिताना नायकाला एकदम पास करून टाकण्याचा मोह आवरा.

दोघांतलं अंतर

ठरवून केलेल्या लग्नांत नवरा तीन-पाच वर्षांनी मोठा, हे आपल्या वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे, त्याला स्पष्टीकरण लागत नाही. सात-आठच्या पुढे गेलात की कथेने कारण द्यायला हवं. आकड्यापेक्षा दोघं कुठल्या टप्प्यावर आहेत ते पाहा. २१ आणि ३३ यांच्यात बारा वर्षं आहेत, ४५ आणि ५७ यांच्यातही बाराच. पण पहिल्या जोडीत एकीला पहिला पगार मिळालेला नाही आणि दुसऱ्याचं घर, गाडी, ओळखी सगळं झालेलं आहे. दुसऱ्या जोडीत दोघांनी संसार पाहिलेला आहे. ‘जरठ-कुमारी विवाह’, म्हणजे म्हाताऱ्याचं कोवळ्या मुलीशी लग्न, हा शब्द मराठीला शंभर वर्षांहून जास्त काळ टोचतो आहे. १८९९च्या ‘संगीत शारदा’ नाटकाचा विषयच तो होता. आजचा वाचक त्याच परंपरेतून येतो आणि मोठ्या अंतराकडे आधी संशयाने पाहतो.

अंतर ठेवायचंच असेल तर लहान पात्राच्या हातात तीन गोष्टी द्या: स्वतःचं उत्पन्न, परत जाण्याची जागा आणि नाही म्हणण्याचा निदान एक प्रसंग, ज्यात समोरचा ते ‘नाही’ ऐकतो. क्लासचे सर आणि विद्यार्थिनी, प्रशिक्षक आणि खेळाडू अशी जोडी घेऊ नका. बॉस आणि कर्मचारी ही ऑनलाइन मालिकांतली लाडकी जोडी आहे, पण तिथेही तिने खातं किंवा नोकरी बदलल्यावर प्रेमाचा उच्चार होऊ द्या. उशिरा आलेली कबुली वाचकाला आवडतेच.

आता संबोधनं. मोठ्या भावाच्या मित्राला ती लहानपणापासून ‘समीरदादा’ म्हणत आली असेल आणि एकदा राखीही बांधली असेल, तर त्याचा नायक होणार नाही. कितीही सुंदर लिहा, वाचकाच्या कानात ‘दादा’ घुमत राहतो. भावाचा मित्रच हवा असेल तर त्याला मोठेपणी आणा. दोघं प्रथम भेटतात तेव्हा ती २३ची असावी, आणि त्याला आडनावाने किंवा ‘अहो’ म्हणून हाक मारत असावी. ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्याचा क्षण हा मराठी प्रेमकथेतला सगळ्यात नाजूक क्षण आहे. तो चुकून निसटू देऊ नका, कोणत्या प्रसंगात येणार हे आराखड्यात लिहून ठेवा. एकदा ‘अरे’ झाल्यावर पुढच्या भागात कारणाशिवाय ‘अहो’ आलं तर ती चूक दिसते. भांडणात मुद्दाम ‘अहो’ आलं तर मात्र ते वाक्य चाबकासारखं लागतं.

सज्ञान नायिकेला लहान मूल करून टाकणारे शब्दही गाळा: अल्लड, बालिश, बाहुलीसारखी, गाल फुगवून बसलेली, पिल्लू, बच्चा. २७ वर्षांची, बँकेत कर्ज विभाग सांभाळणारी बाई ‘चॉकलेटसाठी हट्ट’ करते तेव्हा तिचं वय पानावरून पुसलं जातं. आवडतं म्हणून ती चॉकलेट खाईल, विकत घेऊन.

तोच प्रसंग, तीन वयं

वय आकड्याने सांगितलं की वाचक ते विसरतो, वागण्यातून दिसलं की विसरत नाही. दादर स्टेशनबाहेर ती वाट पाहते आहे, पाऊस आहे, तो चाळीस मिनिटं उशिरा येणार आहे. हाच प्रसंग तीनदा लिहून पाहा.

ती २३ची असेल तर तिचा सगळा जीव फोनमध्ये असतो. ‘लास्ट सीन’ पाहिलं जातं, ‘कुठेयस’ टाईप होतं आणि खोडलं जातं, मैत्रिणीला स्क्रीनशॉट जातो. तो आला की ती आधी रुसते. तिच्याकडे वेळ भरपूर आहे, खात्री नाही.

३७ची असेल तर ती घड्याळ पाहते, कारण पाळणाघर साडेसातला बंद होतं. विसाव्या मिनिटाला ती चहा घेते, पस्तिसाव्याला ‘निघते, उद्या बोलू’ एवढा मेसेज टाकून लोकल पकडते. रुसायला तिला सवड नाही. तो दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या दाराशी उभा राहिला, तर ती प्रेमाची कबुली ठरते.

५९ची असेल तर तिला पहिली शंका येते ती तो पडला तर नाही ना, याची. त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं असेल, हे तिला माहीत असतं. पिशवीत जास्तीची छत्री आणि त्याच्या गोळ्यांची पट्टी असते. तो आल्यावर ती म्हणते, ‘आधी बसा.’

प्रत्यक्ष प्रसंगात कुठेही वयाचा आकडा आलेला नाही. मसुदा झाल्यावर हीच परीक्षा घ्या. वयाचे सगळे उल्लेख झाकून दोन प्रसंग कोणाला तरी वाचायला द्या आणि पात्रांची वयं ओळखायला सांगा. अंदाज पाचाहून जास्त वर्षांनी चुकला तर संवाद पुन्हा लिहावे लागतील.

चाळिशीच्या पुढे

या वयाच्या नायिका मराठीत अजून कमी आहेत, आणि वाचक त्यांची वाट पाहतो आहे. पण २५च्या मुलीला पांढरे केस लावून ती ४५ची होत नाही. पाळी अनियमित होणं, झोप उडणं, औषधाची चिठ्ठी वाचायला लागणारी चाळिशी, मुलाची दहावी, सासऱ्यांच्या पलंगाशी जागून काढलेली रात्र, घराचे उरलेले हप्ते: यांच्या मधून तिचं प्रेम वाट काढतं. शरीराचं वर्णन लाजत किंवा कीव करत लिहू नका. तिला स्वतःचं शरीर माहीत आहे, हीच या वयाची मोहकता.

घटस्फोट असेल तर तारखा मांडा. परस्परसंमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहणं आणि अर्जानंतर सहसा सहा महिन्यांची मुदत असते. साठीच्या जोडप्यात पैशाचा प्रश्न टाळू नका. सरकारी नोकराच्या विधवेला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर थांबू शकतं. म्हणून काही ज्येष्ठ लग्नाशिवाय एकत्र राहणं पसंत करतात, आणि मुलांशी होणाऱ्या वादाचं मूळही अनेकदा फ्लॅटच्या नॉमिनीत असतं. यावर प्रामाणिक कथा लिहिली तर ती कोरडी होत नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात दोघं एकमेकांना चष्मा शोधून देतात, त्यात प्रेम पुरेसं आहे.

इथेच नायकाच्या आईचा हिशेबही तपासा. २०२३मध्ये तो ३०चा असेल तर आई साधारण ५४ची. तिचा जन्म १९६९चा, तिने तरुणपणी दूरदर्शन पाहिलं, कदाचित ती अजून नोकरीत आहे, कारण राज्य सरकारात बहुतेक पदांवर निवृत्तीचं वय ५८ आहे. तिला नऊवारी, काठी आणि मोतीबिंदू देऊ नका. ते आजीचं सामान आहे.

जुन्या काळातली प्रेमकथा

सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली झालं, तेव्हा त्या ९ वर्षांच्या आणि जोतीराव १३ वर्षांचे. रमाबाई रानडे ११ वर्षांच्या होत्या, न्यायमूर्ती ३१ वर्षांचे, साल १८७३. काळ खरा लिहायचा तर ही वयं बदलता येत नाहीत, आणि प्रेमकथा म्हणून ती वयं चालतही नाहीत. उपाय एकच आहे: लग्न चार ओळींत घटना म्हणून सांगा. झोपेने पेंगणारी, मुंडावळ्या टोचतात म्हणून रडणारी मुलगी दाखवा, आणि कथा ती मोठी झाल्यावर सुरू करा. वीस वर्षांची सून, कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवणारी, माजघरातल्या बायकांचे टोमणे सोसणारी, आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे माणूस म्हणून पाहणारी. प्रेम तिथून.

कायद्याच्या तारखा जवळ ठेवा. संमतिवयाचा कायदा १८९१चा, त्याने १०ची मर्यादा १२वर नेली. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९२९चा: मुलीला १४, मुलाला १८. मुलीचं वय १९४९मध्ये १५ झालं, आणि १८ व २१ ही आजची वयं १९७८मध्ये आली. १९२९च्या कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्यामुळे, शारदा नाटकामुळे नव्हे. पात्राच्या तोंडी तो घोळ चालेल, निवेदनात चालणार नाही.

मालिका सुरू झाल्यावर

पहिल्या भागात, साधारण पहिल्या तीनशे शब्दांत, दोघांपैकी एकाच्या तरी वयाची खूण पडावी, आणि भाग संपेपर्यंत दोघांची. ‘दोन हजार दहाची दहावीची बॅच’ एवढं पुरतं. कथेत वर्ष उलटलं की वय एकाने वाढवा. दिवाळी आली, पुढची दिवाळी आली आणि नायिका अजून २८चीच, ही चूक वाचक सर्वात आधी पकडतो. म्हणून बायोडेटाच्या पानाखाली भाग क्रमांक, कथेतला महिना आणि दोघांची वयं अशा तीन रकान्यांचा तक्ता ठेवा आणि प्रत्येक ‘क्रमशः’नंतर त्यात एक ओळ भरा.

चूक सापडलीच तर चौदाव्या भागात पात्राच्या तोंडून सारवासारव करू नका. पहिला भाग उघडा, तिथला आकडा दुरुस्त करा, मग त्या वयावर टेकलेली प्रत्येक ओळ शोधा: शाळेचं वर्ष, भावाचं वय, आईचं लग्न. पुढच्या भागाच्या सुरुवातीला दुरुस्ती केल्याचं एका वाक्यात कळवा आणि कथा पुढे न्या.